ए प्लसची तयारी: आधी क्रम, मग पाना

पंखे फिरतायत, लाइट लागलाय, स्क्रीन काळी. 'नो डिस्प्ले' म्हटलं की ठाण्यातल्या रिपेअरिंगच्या दुकानात पहिली हालचाल ठरलेली: रॅम काढा, सोनेरी पट्टी खोडरबराने घासा, परत बसवा. इथल्या दमट हवेत, त्यातही पावसाळ्यात, हा उपाय लागू पडतो म्हणून तो हातात बसतो. कॉम्पटिया या संस्थेच्या ए प्लस या कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या प्रमाणपत्र परीक्षेत हाच बिघाड 'सगळ्यात आधी काय कराल?' असा विचारला जातो. तिथे मॉनिटरची केबल आणि इनपुट तपासणं, कालपासून काय बदललं ते वापरणाऱ्याला विचारणं, या गोष्टी कॅबिनेट उघडण्याच्या आधी येतात. दुकानात काम केलेली हुशार मुलंही इथेच गुण घालवतात.

ए प्लसचे पेपर दोन. कोअर १ (२२०-१२०१) मध्ये हार्डवेअर, नेटवर्क, लॅपटॉप-मोबाइल, प्रिंटर आणि थोडं क्लाउड. कोअर २ (२२०-१२०२) मध्ये ऑपरेटिंग सिस्टिम, सुरक्षा, सॉफ्टवेअरचे बिघाड आणि कामाची शिस्त. प्रत्येकाला ९० मिनिटं, जास्तीत जास्त ९० प्रश्न. गुण १०० ते ९०० या मापावर. पास व्हायला पहिल्यात ६७५, दुसऱ्यात ७०० लागतात. दोन्ही पेपर एकाच मालिकेचे हवेत. ११०१-११०२ ही आधीची मालिका सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाली, तेव्हा कुणी जुनं पुस्तक फुकट दिलं तर मूलभूत भागासाठी जरूर वापरा, पण शेजारी नवीन अभ्यासक्रमाची पीडीएफ ठेवा. ती कॉम्पटियाच्या साइटवर फुकट मिळते. कोअर १ मध्ये २८ टक्के वजन एकट्या बिघाड शोधण्याला आहे, आणि ते व्हिडिओ बघून येत नाही.

त्यासाठी माळ्यावर टाकलेला एखादा जुना डेस्कटॉप खाली काढा. डीडीआर३ या जुन्या रॅमचा असला तरी चालेल. सोबत दोन नंबरचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, साधा मल्टिमीटर, थर्मल पेस्ट, आयसोप्रोपिल अल्कोहोल, अंगातली स्थिर वीज काढून टाकणारा, मनगटावर बांधायचा अँटिस्टॅटिक पट्टा आणि स्क्रूसाठी दोन वाट्या. दोन अशासाठी, की जाड आट्यांचे स्क्रू कॅबिनेटला आणि साडेतीन इंची हार्ड डिस्कला लागतात, तर बारीक आट्यांचे एम३ अडीच इंची एसएसडीला आणि डीव्हीडी ड्राइव्हला. चुकीचा पिळला की आटे गेलेच. पट्ट्याची क्लिप रंग नसलेल्या उघड्या धातूला लावा. रंगावर लावलेली क्लिप म्हणजे नुसता दागिना. एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, मात्र उघडायचा नाही. वायर काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, आणि तिथे पट्टा घालून काम करणं उलट धोक्याचं.

मशीन पूर्ण सुटं करून परत जोडा. आठ-दहा वेळा केलं की हात बसतो. मग मुद्दाम बिघाड घडवा, एका वेळी एकच, आणि लक्षण वहीत लिहा. प्रोसेसरजवळची ४ किंवा ८ पिनची १२ व्होल्टची वायर काढून ठेवली, तर बहुतेक बोर्डांवर पंखे फिरतात पण डिस्प्ले येत नाही. रॅम पूर्ण काढली, तर स्पीकर जोडलेला असल्यास बीप येतात; किती आणि कसे, ते बायोसच्या, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमच्या, कंपनीवर ठरतं. वेगळं ग्राफिक्स कार्ड असताना केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावली, तरी स्क्रीन काळीच. मदरबोर्डवरचा बटणासारखा सीआर२०३२ सेल काढून ठेवला की तारीख मागे जाते, कधी बूटचा क्रमही बदलतो आणि ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही असा मेसेज येतो. हार्ड डिस्क बरी असते. बायोसचं सेटिंग गेलेलं असतं. चार वेगवेगळ्या कारणांची लक्षणं किती सारखी दिसतात, हे अशा वहीतूनच कळतं.

मल्टिमीटरने एसएमपीएसच्या वायरींचं व्होल्टेज मोजून बघा: पिवळी १२, लाल ५, नारिंगी ३.३. पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे १२ च्या जागी ११.४ ते १२.६. जांभळ्या वायरवर मशीन बंद असतानाही ५ व्होल्ट असतात, म्हणूनच रॅमला हात लावण्याआधी मागची वायर काढायची.

एएमडीचा एएम४ सॉकेटचा प्रोसेसर असेल तर कूलर सरळ वर ओढू नका. पेस्ट वाळलेली असली की प्रोसेसर सॉकेटमधून कूलरसकट उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी मशीन थोडा वेळ चालवून गरम करा, बंद करा, मग कूलर हळूच डावी-उजवीकडे फिरवून सुटा करा.

प्रिंटरचा धडा मुलं शेवटी ठेवतात आणि मग राहूनच जातो. लेझरचे टप्पे ओळीने पाठ हवेत: प्रोसेसिंग, चार्जिंग, एक्स्पोझिंग, डेव्हलपिंग, ट्रान्सफरिंग, फ्यूजिंग, क्लीनिंग. बोटाने घासल्यावर अक्षर पुसलं जातंय? शाई कागदावर तापवून चिकटवणारा फ्यूजर पुरेसा तापत नाही. जुलैत ऐरोली-महापेच्या ऑफिसांत कागद एकदम दोन-दोन ओढले जातात, अडकतात. तिथे रोलर बदलण्याआधी उघडं पडलेलं, दमट झालेलं रीम बाजूला करून कोरडे कागद लावा. परीक्षेतही कागदाचा ओलसरपणा हे जॅमचं ग्राह्य कारण आहे.

नेटवर्कचं पाठांतर लोकलमध्ये होतं. ट्रान्स-हार्बरवर ठाणे ते वाशी एवढ्या वेळात २२, ५३, ४४३, ३३८९ हे पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरच्या सेवांचे ठरलेले क्रमांक, दोनदा घोळवून होतात. १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी पत्ता दिसला की मशीनचं पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीशी बोलणं झालेलं नाही, एवढं डोक्यात पक्कं ठेवा.

परीक्षेचं बुकिंग ती घेणाऱ्या पिअर्सन व्ह्यू या कंपनीकडे होतं आणि अडचण नावाची येते. आपल्याकडे एका कार्डावर आडनाव आधी, दुसऱ्यावर वडिलांचं नाव मधे, तिसऱ्यावर नुसतं आद्याक्षर. अकाउंट उघडतानाच जे ओळखपत्र नेणार त्यावरचं नाव जसंच्या तसं टाका. घरून देणार असाल तर राउटरही इन्व्हर्टरवर असू द्या, आणि दार आतून लावा. मधेच कुणी चहा घेऊन आत आलं तर परीक्षा थांबवली जाऊ शकते.

पेपर उघडला की सुरुवातीलाच बहुधा प्रात्यक्षिकासारखे, ओढून-जुळवायचे प्रश्न समोर येतात. त्यातल्या एकेकात दहा मिनिटं सहज जातात. त्यांना खूण करून पुढे जा, पर्यायांचे प्रश्न तासाभरात संपवा, उरलेला वेळ त्यांना द्या. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही जागा रिकामी सोडू नका. निकाल लगेच स्क्रीनवर दिसतो. नापास झालात तर दुसऱ्या प्रयत्नासाठी थांबावं लागत नाही, तिसऱ्याआधी मात्र १४ दिवस थांबावं लागतं, आणि फी दर वेळी पूर्ण.