रेकॉर्ड ऑफिसातली बॅच बंद करायची असेल तर

पलटणीतून पार्ट टू ऑर्डर, म्हणजे जवानाच्या बाबतीतल्या बदलांची नोंद, यायची. लग्न, मूल, बढती, रजा, सगळं त्यात. रेकॉर्ड ऑफिसात, म्हणजे जवानांच्या नोंदी सांभाळणाऱ्या लष्करी कचेरीत, गठ्ठा साचला की मग तो संगणकावर एकदम चालवायचा; हीच बॅच. नाकारलेल्या नोंदींची यादी युनिटला परत जाईपर्यंत जवान बदलून दुसरीकडे गेलेला. क्लार्क म्हणून हेच केलं, म्हणून सांगतो.

ती बंद करून नोंदी थेट ऑनलाइन घ्यायच्या, तर आधी तपासणी पुढे आणा. आर्मी नंबरच्या शेवटचं अक्षर आकड्यांवरूनच निघतं; ते टाइप करतानाच जुळलं पाहिजे. जन्मतारीख भरतीनंतरची? तिथेच अडवा.

खरी गोम तारखांत आहे. घटना घडली ती तारीख वेगळी, नोंद झाली ती वेगळी, दोन्ही ठेवा. बढतीची ऑर्डर मार्चमध्ये आली, पण लागू जानेवारीपासून, तर पगाराचा फरक जानेवारीपासूनच निघायला हवा. बॅचमध्ये आधी क्रम लावून घेता यायचा. ऑनलाइनला नोंदी वाट्टेल त्या क्रमाने येतात. म्हणून जुनी नोंद पुसू नका, खाली नवी ओळ घाला. ऑर्डरचा क्रमांक सोबत हवाच. मधला एखादा गायब दिसला की यंत्रणेने बोंब मारली पाहिजे.

भरणारा क्लार्क वेगळा, मंजूर करणारा अधिकारी वेगळा. सही होईपर्यंत नोंद कच्ची.

पुढच्या चौक्यांवर नेटचा भरवसा नाही. तिथे नोंद साठवायची, लिंक मिळाली की पाठवायची. म्हणजे थोडी बॅच उरतेच, उरू द्या. पगाराचा हिशेबही महिन्याचाच, तो रात्री चालवा.

निदान दोन पगार होईपर्यंत जुनी-नवी दोन्ही यंत्रणा चालवा आणि रोज ताळा घ्या. दुप्पट कामाने क्लार्क कुरकुरतील. चहा पाजा.