आपला उमेदवार पडला तरी मत कामी येते, ते कसं काढून घ्यायचं

निकाल लागला की गावोगावी पारावर एकच बोलणं, "आपला त पडलाच ना भाऊ, मंग कायले गेलो वेचणी सोडून?" आणि पुढच्या वेळी तो माणूस खरंच जात नाही, त्याच्या घरचे चार मतंही जात नाहीत. 2024 ची विधानसभा 20 नोव्हेंबरला होती, ऐन कापूस वेचणीत, दिवसाची मजुरी सोडून लाईनीत उभं राहणाऱ्याचं दुःख मला समजते. पण पडलेल्या उमेदवाराला दिलेलं मत तुमच्या बूथच्या खात्यात लिहून राहते आणि ते वापरता येते, म्हणून हे सगळं लिहितोय.

सगळ्यात आधी आपल्या बूथचा आकडा काढा. लोकसभा असो की विधानसभा, मोजणी झाली की फॉर्म 20 नावाची शीट बनते, त्यात बूथवार कोणाला किती पडले, नोटाला किती, सगळं ओळीनं असते. महाराष्ट्राच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याच्या वेबसाईटवर पीडीएफ मिळते, मोबाईलवर उघडते. गावाचं नाव शोधत बसू नका, त्यात बहुतेक नुसता बूथ नंबर असतो, म्हणून आधी मतदार यादी काढून आपला यादी भाग क्रमांक पाहून घ्या. जुन्या निवडणुकांच्या शीटही काढा, पण दोन निवडणुकांच्या मधात बूथ नंबर बदलतात, ते तपासल्याशिवाय तुलना करू नका नाहीतर दुसऱ्याच गावाचे आकडे घेऊन भांडत बसाल.

आता वही घेऊन बसा. समजा यादीत नावं 900, मतदान झालं 600, आपल्या उमेदवाराला 220 आणि समोरच्याला 310. म्हणजे गावात आपण 90 नं मागं, पण न आलेले 300! त्या 300 मधले मयत किती, सासरी गेलेल्या पोरी किती, पुण्याला कंपनीत लागलेले पोरं किती, वीटभट्टीवर गेलेली घरं किती आणि गावात असून घरीच बसलेले किती, हे गावातल्या दोन-तीन बाया-माणसांना घेऊन बसलं तर एका संध्याकाळी निघते. माझ्या मते हेच खरं काम आहे, बाकी हवा कोणाची होती आणि पैसे कोणी वाटले ही चर्चा कितीही केली तरी हातात काही येत नाही.

कोणी म्हणंल एका मतानं काय होते, तर आपल्याच विदर्भातलं बघा. 2024 ला साकोलीत नाना पटोले 208 मतांनी निवडून आले आणि बुलढाण्यात संजय गायकवाड 841 मतांनी. एका विधानसभेत तीनशेच्या वर बूथ असतात, म्हणजे साकोलीत बूथमागं पुरं एक मतही नव्हतं. दोन्हीकडं पार्टी वेगळी, गणित तेच. आणि मोठ्या हारीचं म्हणाल तर भाजपाचे 1984 ला सगळ्या देशात 2 खासदार होते, काँग्रेस 2014 ला 44 वर आली आणि 2024 ला 99 वर गेली. बाबासाहेब सुद्धा 1954 ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पडले होते, त्या वेळी त्यांना मत देणाऱ्याचं मत वाया गेलं असं आज कोण म्हणंल? डिपॉझिट वाचवायलाही एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात, आणि पुढच्या वेळी तिकीट कोणाला द्यायचं हे ठरवताना पार्टीवाले हेच आकडे काढून बसतात.

निवडून आलेलाही हीच शीट बघतो. ज्या बूथवर विरोधात 220 आहेत तिथले पन्नास-साठ फिरले तर त्याचा फायदा, म्हणून त्याला तिथं यावं लागते, आणि जिथं लोक घरीच बसतात त्या गावाची फिकीर ना त्याला ना समोरच्याला. हो, "तुमच्या गावानं लीड नाही दिली" असं तोंडावर ऐकावं लागते, ते मी नाकारत नाही. पण शीट फक्त बूथचा आकडा सांगते, कोणी कोणाला दिलं ते त्यात नसते, तर भिऊ नका. आमदार निधी वर्षाला 5 कोटी असतो, तो पूर्ण मतदारसंघाचा असतो, तर पांदण रस्ता असो की शाळेची खोली, अर्ज लेखी द्या, पोच घ्या, सह्या दोन्ही बाजूच्या लोकांच्या घ्या.

मग ग्रामपंचायत. तिथं पार्टीचं चिन्ह नसते, पॅनल असतात, आणि एका वॉर्डात दोनशे-चारशे मतं असली तर पाच-सात मतांवर मेंबर पडतो, सारखी पडली तर चिठ्ठी टाकतात. विधानसभेत हरलेले 220 इथं एकत्र राहिले तर दोन-तीन मेंबर आरामात निघतात, सरपंच आपला नसला तरी मासिक सभेत खर्चाचा हिशोब विचारणारं कोणीतरी बसते. झेडपी, पंचायत समिती, ग्रामपंचायत या सगळ्यांसाठी विधानसभेचीच यादी वापरतात, म्हणून नाव तिथं पाहिजेच.

तर नावाचं आत्ताच बघा, निवडणूक लागल्यावर नाही. नवीन नावाला फॉर्म 6, पत्ता किंवा दुरुस्तीला फॉर्म 8, मयताचं नाव काढायला फॉर्म 7. 18 पूर्ण होण्यासाठी आता वर्षात चार तारखा धरतात, 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर, म्हणजे पोराला वर्षभर थांबायची गरज नाही. बीएलओ, म्हणजे बूथच्या मतदार यादीचं काम पाहणारे, गावातलीच अंगणवाडी ताई किंवा गुरुजी असतात, त्यांच्याकडं जा, काही अडलं तर 1950 ला फोन लावा. आणि बूथवर गेल्यावर तुमच्या नावावर आधीच कोणी मत टाकलेलं निघालं तर वापस येऊ नका, केंद्राध्यक्षाला टेंडर मत मागा, ओळख पटली की ते मतपत्रिका देतात आणि त्याची वेगळी नोंद होते.