मालाच्या ट्रॉलीसाठी बॅटरीवरची मोटर कशी निवडावी

गोदामातल्या छोट्या ट्रॉलीला बॅटरीवर चालणारी डीसी मोटर बसवायची ठरली की बहुतेक जण दुकानात जाऊन मालाचे वजन सांगतात. वास्तविक चाकांवरच्या गाडीत मोटरला ते वजन उचलायचे नसते. चढ आणि घर्षण यांना पुरून उरेल एवढीच ओढ तिला द्यायची असते. म्हणून आधी ती ओढ मोजावी.

त्यासाठी ट्रॉली पूर्ण भरावी, दांड्याला ताणकाटा (स्प्रिंगचा वजनकाटा) अडकवावा आणि सर्वांत उभ्या चढावर, चढाला समांतर धरून सावकाश ओढावे. गाडी हलताना काटा क्षणभर वर जातो, मग स्थिरावतो. दोन्ही आकडे लिहून ठेवावेत. मालासकट 60 किलोची ट्रॉली दहा फुटांत एक फूट चढणाऱ्या सिमेंटच्या उतारावर असेल, तर स्थिर आकडा साधारण 8 किलो येतो. त्यातले 6 किलो एकट्या चढाचे असतात.

या स्थिर आकड्याला चाकाच्या त्रिज्येने गुणले की टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, मिळतो. चाक 20 सेंटीमीटर व्यासाचे असेल तर 8 गुणिले 10, म्हणजे 80 किलो-सेंटीमीटर. सुरुवातीचा झटका आणि वाटेतले खड्डे लक्षात घेऊन याच्या दुप्पट, म्हणजे 160 धरावे. येथे एक सावधगिरी हवी: माहितीपत्रकात ठळक छापलेला आकडा पुष्कळदा स्टॉल टॉर्कचा, म्हणजे मोटर अडून थांबते त्या क्षणाचा असतो. त्या अवस्थेत ती सर्वाधिक करंट खेचते आणि फार वेळ तशी राहिल्यास जळते. आपल्याला सतत चालतानाचा टॉर्क पाहायचा आहे.

वेग सेकंदाला अर्धा मीटर पुरे. या चाकाचा परीघ सुमारे 63 सेंटीमीटर असल्याने मिनिटाला 48 फेरे लागतात, म्हणून गिअर असलेलीच मोटर घ्यावी. चढावर प्रत्यक्ष काम सुमारे 39 वॅटचे होते, परंतु मोटर आणि गिअरमधील तूट धरता बॅटरीतून 65 वॅटच्या आसपास जातात. 12 व्होल्टवर हा करंट साडेपाच अँपिअरच्या घरात येतो. यूपीएसच्या 7 अँपिअर-अवर बॅटरीवरचा आकडा वीस तासांच्या मंद वापराचा असतो; करंट जास्त खेचला की तेवढी क्षमता मिळत नाही. शिवाय लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करणे तिला मानवत नाही. त्यामुळे सलग चढणीसाठी अर्धा तासही धरू नये. फ्यूज अर्थातच हवा, आणि तो बॅटरीच्या जवळच.

भंगारातली मोटारीची वायपर मोटर स्वस्तात मिळते आणि सपाट फरशीवर चालून जाते. मात्र अशा अनेक मोटरींची एक वायर आतून धातूच्या अंगाला जोडलेली असते. गाडी मागेही न्यायची असेल, तर उलटसुलट जोडणी करण्यापूर्वी हे मल्टिमीटरने तपासावे.