फिजिऑलॉजी शिकताना या चुका टाळा: फुफ्फुसं, हृदय, मूत्रपिंड

फिजिऑलॉजीत (शरीराचे अवयव कसं काम करतात, या विषयात) पाठांतर कमी पडलं म्हणून मार्क गेले, असं क्वचितच होतं. बहुतेक वेळा दोन वेगळ्या गोष्टी एकच समजल्या जातात: दाब आणि साठा, एकूण सोडियम आणि त्याचं कॉन्सन्ट्रेशन (दर लिटरमधलं प्रमाण), आत गेलेली हवा आणि कामी आलेली हवा. आकृतीतले वर-खाली बाण पाठ असतात. बाण नेमका कशाचा, हे विचारलं की गाडी अडते.

श्वासाचा गुणाकार

एका श्वासात ५०० मिली हवा, मिनिटाला १२ श्वास, म्हणजे ६,००० मिली. इथेच थांबणं ही पहिली चूक. प्रत्येक श्वासातले सुमारे १५० मिली श्वासमार्गातच अडकतात. तिथे वायूंची देवाणघेवाण होत नाही. हाच डेड स्पेस. वायुकोशांपर्यंत नवी हवा पोचते ३५० × १२, म्हणजे ४,२०० मिली. आता तोच माणूस उथळ आणि भरभर श्वास घेऊ लागला, २५० मिली, २४ वेळा, तर एकूण आकडा पुन्हा ६,०००च येतो. कामाची हवा मात्र १०० × २४, जेमतेम २,४०० मिली, आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड साचत जातो. डेड स्पेस प्रत्येक श्वासातून, गुणाकाराच्या आधी वजा करायचा. ६,०००मधून एकदाच १५० वजा करून मोकळं होणारे बरेच असतात.

म्हणूनच भरभर श्वास दिसला की लगेच ‘हायपरव्हेंटिलेशन’ लिहू नका. तो शब्द श्वासांच्या संख्येवर ठरत नाही. धमनीच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइडचा दाब नेहमीच्या ४० मिमी पाऱ्यावरून खाली आला, तरच तो लागू होतो.

ॲनिमियातला ऑक्सिजन

ॲनिमियात १०० मिली रक्तातलं हिमोग्लोबिन १५ वरून ७.५ ग्रॅमवर आलं, फुफ्फुसं ठणठणीत आहेत. धमनीतल्या ऑक्सिजनचा दाब किती? ‘निम्मा’ हे उत्तर हमखास येतं. दाब ठरतो प्लाझ्मात (रक्ताच्या द्रव भागात) विरघळलेल्या ऑक्सिजनवर, त्यामुळे तो १०० मिमी पाऱ्याच्या आसपासच राहतो. सॅच्युरेशनही, म्हणजे हिमोग्लोबिनचा ऑक्सिजनने भरलेला हिस्साही, ९८ टक्के. निम्मा होतो तो साठा. हिशेब करून पाहा: १५ × १.३४ (एक ग्रॅम हिमोग्लोबिन धरतं तेवढे मिली ऑक्सिजन) × ०.९८ म्हणजे साधारण १९.७, अधिक विरघळलेला ०.३, मिळून १०० मिली रक्तात २० मिली ऑक्सिजन. ७.५ घातलं की १० उरतात. मानेतली कॅरॉटिड बॉडी दाब ओळखते, साठा नव्हे. म्हणून नुसत्या ॲनिमियात तिच्याकडून श्वास वाढवण्याचा इशारा जवळजवळ येत नाही.

हृदय: आलेख पाठ, झडपा विसरलेल्या

हृदयचक्राचा आलेख रंगीत पेनांनी सुरेख काढला जातो आणि तोंडी परीक्षेत कोसळतो. उपाय सोपा आहे. आधी चार उभ्या रेघा मारा: मायट्रल झडप (डाव्या जवनिकेत रक्त येण्याची वाट) बंद, महाधमनीची (रक्त बाहेर जाण्याची वाट) उघडी, महाधमनीची बंद, मायट्रल उघडी. पहिल्या दोन रेघांमध्ये दोन्ही झडपा बंद आहेत, म्हणून डाव्या जवनिकेचा (व्हेंट्रिकलचा) दाब उसळतो आणि आकारमानाची रेघ सपाट राहते. उरलेलं आपोआप सुचतं.

दुसरी गल्लत स्टार्लिंगच्या वक्राची, म्हणजे हृदय किती भरलं आणि त्यातून किती रक्त बाहेर पडलं याच्या आलेखाची. जास्त रक्त भरलं म्हणून जास्त बाहेर पडलं, तर आपण त्याच वक्रावर पुढे सरकलो. ॲड्रिनॅलिनने कॉन्ट्रॅक्टिलिटी (हृदयाच्या आकुंचनाची ताकद) वाढली, तर वक्रच वर जातो. दोन्हींत स्ट्रोक व्हॉल्यूम (एका ठोक्यात बाहेर पडणारं रक्त) वाढतो, म्हणून उत्तरात कारण लिहिलंच पाहिजे.

मूत्रपिंड: एककांचा सापळा

क्लिअरन्सचं (मूत्रपिंड मिनिटाला किती प्लाझ्मा एखाद्या पदार्थापासून साफ करतं, याचं) सूत्र सगळ्यांना येतं: लघवीतलं प्रमाण × लघवीचं आकारमान ÷ प्लाझ्मातलं प्रमाण. २४ तासांची लघवी १,४४० मिली, त्यात क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारा टाकाऊ पदार्थ) १०० मिग्रॅ प्रति डेसिलिटर, प्लाझ्मात १. उत्तर १,४४,००० आलं आणि पुढे ‘मिली प्रति मिनिट’ लिहिलं, की संपलं. आकडा खरा आहे, पण तो दिवसाचा. आधी १,४४०ला १,४४०ने भागा. मिनिटाला १ मिली लघवी, म्हणून क्लिअरन्स १०० मिली प्रति मिनिट. उत्तर तपासायची एक युक्ती: हृदय मिनिटाला सारं मिळून ५ लिटर रक्त ढकलतं, तर मूत्रपिंड १४४ लिटर कुठून गाळणार?

सोडियमचं तसंच. रिपोर्टातलं सोडियमचं १४० (मिलिमोल प्रति लिटर) हे कॉन्सन्ट्रेशन आहे, साठा नव्हे. ते सांभाळतं मुख्यतः एडीएच हे हार्मोन, पाणी राखून किंवा सोडून. अल्डोस्टेरॉन हे दुसरं हार्मोन एकूण सोडियम राखतं, त्याच्यामागे पाणीही थांबतं. त्यामुळे रक्ताचं आकारमान आणि बीपी वाढतं, १४०चा आकडा जेमतेम हलतो.

हेन्लेच्या लूपमधून (मूत्रपिंडातल्या नलिकेच्या वळणातून) लघवी दाट होऊन बाहेर येते, हाही गैरसमजच. लूपच्या टोकाशी द्रव दाट असतो, पण वर चढताना मीठ बाहेर जातं आणि पाणी आतच राहतं, म्हणून डिस्टल (लूपच्या पुढच्या) नलिकेत तो प्लाझ्माहूनही पातळ पोचतो. दाट होतो तो पुढे कलेक्टिंग डक्टमध्ये (शेवटच्या नळीत), तेही एडीएच असेल तरच.

शेवटची चूक सीरम (रक्तातल्या) क्रिएटिनिनची. १ चं २ झालं आणि ४ चं ५ झालं, दोन्हीकडे वाढ एकचीच. पण जीएफआर (मूत्रपिंडं मिनिटाला किती मिली गाळतात तो वेग) पहिल्यात १०० वरून ५० वर आला, दुसऱ्यात २५ वरून २० वर. आणि हे गणित क्रिएटिनिन स्थिरावल्यावरच चालतं: मूत्रपिंडं सकाळी बंद पडली, तर दुपारच्या रक्तात ते जवळपास नॉर्मल दिसू शकतं.