ग्रेडियंटवर पट्टे दिसतायत? ब्लर मारू नका, नॉइज टाका

संध्याकाळचं आकाश, भिंतीवर पडलेला दिव्याचा मऊ उजेड, टायटलमागचं काळ्यातून निळ्यात जाणारं बॅकग्राउंड, असल्या ठिकाणी रंग सरकत जायच्या ऐवजी पायऱ्या पडतात ना, तेच बँडिंग. बहुतेक जण पहिल्यांदा काय करतात तर त्यावर ब्लर मारतात आणि मग म्हणतात फरकच पडला नाही. पडणार कसा, ब्लरने काढलेल्या मधल्या व्हॅल्यू शेवटी परत ८ बिटात गोल होऊन त्याच पायऱ्यांवर जाऊन बसतात.

जरा हिशोब बघा. ८ बिटात एका चॅनेलला, म्हणजे लाल, हिरवा, निळा यातल्या एकेका रंगाला, २५६ लेव्हल. १९२० पिक्सेल रुंद फ्रेममधे डावीकडे व्हॅल्यू ३० आणि उजवीकडे ५४ असेल तर मधे पायऱ्या फक्त २४, म्हणजे एकेक पट्टा ८० पिक्सेल रुंद, तो दिसणारच, त्यात आपला डोळा दोन पट्ट्यांमधली कड आहे त्यापेक्षा ठळक करून दाखवतो. १० बिटात तेवढ्याच जागेत ९६ पायऱ्या बसतात, २०-२० पिक्सेलच्या, आणि दोन पायऱ्यांतला फरकही पाव होतो. म्हणून डार्क आणि हळू बदलणारे ग्रेडियंट सगळ्यात जास्त त्रास देतात.

काही करायच्या आधी पट्टे आले कुठून ते बघा. एक स्टिल काढा, कलर पिकर पट्ट्यांवरून आडवा फिरवा. दर पट्ट्याला व्हॅल्यू १ ने बदलतेय तर गडबड काही नाही, ८ बिटाची हद्दच तेवढी आहे. ३-४ ने उडी मारतेय तर ग्रेड करताना, म्हणजे रंग सुधारताना, कुठेतरी लेव्हल खाल्ल्या गेल्यात, ८ बिट लॉग फुटेज (मुद्दाम फिकं, कमी कॉन्ट्रास्टचं शूट केलेलं) जोरात ताणलं की हमखास हे होतं. चौकोनी ठोकळे दिसतायत तर तो कॉम्प्रेशनचा प्रताप. आणि पिकरमधे व्हॅल्यू छान बारीक वरखाली होतायत पण डोळ्याला पट्टे दिसतायत, तर तुमचा मॉनिटर तपासा, बरेच स्वस्त पॅनेल आतून ६ बिटचेच असतात आणि बाकीचं भागवून नेतात.

आता प्रोजेक्टची डेप्थ, म्हणजे एका चॅनेलला किती बिट. आफ्टर इफेक्ट्समधे प्रोजेक्ट पॅनेलच्या खाली ८ बीपीसी लिहिलेलं असतं, ऑल्ट दाबून त्यावर क्लिक केलं की १६ आणि मग ३२ होतं, १६ पुरे. पण एखादा जुना इफेक्ट फक्त ८ बिटातच चालणारा असला तर तो सगळी मेहनत पाण्यात घालतो, इफेक्टच्या नावाशेजारी पिवळं वॉर्निंगचं चिन्ह दिसलं तर तोच. ग्रेडियंट रॅम्प वापरत असाल तर त्यातच रॅम्प स्कॅटर नावाचा स्लायडर आहे, लोक त्याला हातही लावत नाहीत, तो थोडा वाढवला तर निम्मं काम तिथेच होतं. प्रीमियरमधे एक्स्पोर्ट करताना मॅक्झिमम डेप्थची टिक विसरू नका. डाविंची रिझॉल्व्ह आतून ३२ बिट फ्लोटमधेच चालतं, तिथे हा प्रश्नच नाही.

मुख्य औषध नॉइज, म्हणजे चित्रावर पसरलेले बारीक दाणे. लॅरी रॉबर्ट्स, तोच पुढे इंटरनेटच्या आधीचं अर्पानेट उभारणारा, त्याने १९६२ मधेच दाखवलं होतं की चित्रात थोडा रँडम नॉइज मिसळला की कमी बिटातही पट्टे मोडतात, कारण कडेवरचे पिक्सेल कधी इकडच्या लेव्हलला कधी तिकडच्या लेव्हलला पडतात आणि डोळा त्याची सरासरी धरतो. नॉइज एकरंगी हवा, दर फ्रेमला बदलणारा हवा (स्थिर नॉइज म्हणजे काचेवरची धूळ वाटते), आणि अगदी थोडा, एक-दोन लेव्हल इकडेतिकडे एवढाच. तो सगळ्या ग्रेडच्या वर पण टेक्स्ट आणि लोगोच्या खाली ठेवायचा, आणि फायनल रिझोल्युशनलाच टाकायचा, ४के टाइमलाइनवर टाकून १०८० ला एक्स्पोर्ट केलं तर लहान करताना बराचसा पुसला जातो.

ग्रेनची (फिल्मसारख्या दाण्यांची) क्लिप वर टाकून ओव्हरले मोड लावायची सवय सगळ्यांना असते, पण ओव्हरलेमधे खालचं चित्र जितकं काळं तितका ग्रेनचा परिणाम कमी, म्हणजे जिथे सगळ्यात जास्त गरज तिथेच तो गायब. डार्क ग्रेडियंटला लिनियर लाइट लावा आणि ओपॅसिटी खूप खाली आणा.

फुटेजमधेच पट्टे छापून आले असतील तर आधी डीबँड (पट्टे गुळगुळीत करणारा फिल्टर), मग नॉइज. रिझॉल्व्हच्या स्टुडिओ व्हर्जनमधे डीबँड इफेक्ट आहे, एफएफएमपेग या फुकट टूलमधे डीबँड आणि ग्रॅडफन असे दोन फिल्टर आहेत. मास्क मारून फक्त आकाशावर लावा, नाहीतर चेहऱ्याची कातडी मेणासारखी होते.

आणि मग एक्स्पोर्टला सगळं मातीत जातं. कमी बिटरेटवर (सेकंदाला कमी डेटा) एन्कोडरला, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामला, हा नॉइज फालतू वाटतो, तो पुसून टाकतो आणि पट्टे परत हजर. मास्टर प्रोरेस ४२२ एचक्यू किंवा डीएनएक्सएचआर एचक्यूएक्समधे काढा, शेवटचा एक्स बघून घ्या, नुसतं एचक्यू ८ बिट असतं. एच २६४ च द्यायची असेल तर बिटरेट सढळ ठेवा, एक्स२६४ या एन्कोडरमधे ट्यून ग्रेन आणि एक्यू मोड ३ लावा, हा मोड अंधाऱ्या भागाला जास्त बिट देतो. पुढे १० बिट चालत असेल तर एचईव्हीसी मेन १० सरळ घ्या. फाइल तपासताना १०० टक्के झूमवर बघा, फिट करून बघितलेलं धरू नका.

यूट्यूबवर टाकणार असाल तर १०८० चा व्हिडिओ ४के करून चढवा, तिथे वरच्या रिझोल्युशनला बिटरेट जास्त मिळतो. नॉइज मात्र अपस्केल झाल्यावर टाका आणि दाणा जरा मोठा ठेवा, एकेक पिक्सेलचा दाणा रीकॉम्प्रेशनमधे टिकत नाही. आणि चढवल्या चढवल्या बघून घाबरू नका, सुरुवातीला खालच्या क्वालिटीचंच व्हर्जन दिसतं, वरचं प्रोसेसिंग पूर्ण झाल्यावर बघा आणि मग नॉइज वाढवायचा का ते ठरवा.