‘लाय’ नीट कसा वापरायचा: खोटं बोलायचं असो की आडवं व्हायचं

इंग्लिशमधला ‘लाय’, स्पेलिंग एल-आय-ई, दिसतो इवलासा पण घोळ भरपूर घालतो. कारण याच स्पेलिंगची दोन वेगवेगळी क्रियापदं आहेत, एक खोटं बोलणं आणि दुसरं आडवं होणं किंवा पडून असणं, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

आधी खोटं बोलणं घेऊ. आपण मराठीत खोटं ‘बोलतो’, त्यामुळे इंग्लिशमध्ये पण तोंडात ‘स्पीक लाय’ नाहीतर ‘से लाय’ येतं. नाही चालत. एकतर ‘टेल अ लाय’ म्हणा, नाहीतर सरळ ‘ही लाइड’. कोणाशी ते सांगायचं तर ‘टू’ हवाच: ‘ही लाइड टू मी’. ‘ही लाइड मी’ चूक. आणि ‘माझ्याशी’ डोक्यात ठेवून ‘विथ मी’ तर अजिबात करू नका, ‘लाय विथ’चा जुना अर्थ भलताच आहे, कोणाबरोबर तरी झोपणं! कशाबद्दल खोटं, तर ‘अबाउट’: ‘शी लाइड टू मी अबाउट हर एज’. ‘लाय’ला ‘अ’ लागतो पण खरं बोलायचं तर ‘टेल द ट्रूथ’, तिथे ‘द’.

स्पेलिंगचं पटकन: ‘लाइंग’ लिहिताना आय-ई जाऊन वाय येतो, ‘डाय’चं ‘डाइंग’ होतं तसंच. आणि ‘लायर’च्या शेवटी ए-आर, ई-आर नाही.

आता महत्त्वाचं. ‘लाय’मध्ये मुद्दाम फसवण्याचा हेतू धरलेला असतो. एखाद्याने चुकून चुकीची माहिती दिली तर ती ‘लाय’ नाही, ती ‘मिस्टेक’. म्हणून ऑफिसच्या मेलमध्ये किंवा मीटिंगमध्ये समोरच्याला ‘यू आर लाइंग’ म्हटलं की भांडण झालंच समजा, आपल्याला फक्त ‘अहो तसं नाहीये’ म्हणायचं असतं तरी. तिथे ‘दॅट्स नॉट ट्रू’ पण जरा कडकच, ‘आय डोन्ट थिंक दॅट्स राइट’ बरं. ब्रिटिश संसदेत तर सभागृहात दुसऱ्या सदस्याला खोटारडा म्हणायला बंदी आहे. 1906 मध्ये चर्चिलने तिथे ‘टर्मिनॉलॉजिकल इनएक्झॅक्टिट्यूड’ असा लांबलचक शब्दप्रयोग केला होता, पुढे लोक तो ‘खोटं’ न म्हणता खोटं म्हणायला गमतीत वापरायला लागले. रोजच्या बोलण्यात कोणी वापरू नका, हसतील.

कोणाचं मन राखायला मारलेली बिनधोक थाप म्हणजे ‘व्हाइट लाय’, किरकोळ थापेला ‘फिब’, आणि धडधडीत खोटं बोलणं म्हणजे ‘लाय थ्रू युअर टीथ’. ब्रिटिश माणूस बोलता बोलता ‘नो, आय टेल अ लाय’ म्हणाला तर दचकू नका, तो कबुलीजबाब देत नाहीये, ‘थांब, चुकलं माझं, मंगळवार नाही बुधवार’ इतकंच म्हणतोय.

दुसरा ‘लाय’ म्हणजे आडवं होणं, आणि खरी डोकेदुखी इथेच. याचा भूतकाळ ‘लाइड’ नाही, ‘ले’. लाय, ले, लेन. आणि ‘ले’ हे स्वतःच एक वेगळं क्रियापद पण आहे, काहीतरी ठेवणं, त्याचं ले, लेड, लेड. ओळखायची युक्ती सोपी: ‘काय ठेवलं?’ याचं उत्तर वाक्यात असेल तर ‘ले’वालं, नसेल तर ‘लाय’वालं. ‘शी लेड द बुक ऑन द टेबल’, पुस्तक ठेवलं, बरोबर. पण ‘काल मी जरा आडवा झालो’ याला ‘यस्टरडे आय ले डाउन’. कानाला विचित्र लागतं मान्य, इंग्लिश मातृभाषा असलेले पण सर्रास ‘लेड डाउन’ म्हणतात, बोलताना कोणी पकडणार नाही पण परीक्षेत किंवा लेखी कामात नीट लिहा.

मेलमध्ये भेटणारा ‘द प्रॉब्लेम लाइज इन द डिझाइन’ हाच दुसरा ‘लाय’, अडचण डिझाइनमध्ये आहे इतकाच अर्थ. ‘लाय लो’ म्हणजे काही दिवस गपचूप राहणं.

‘लाइंग’ मात्र दोन्हीकडे सेम. ‘ही वॉज लाइंग इन बेड’मध्ये गडी लोळत होता हे कळतं, पण नुसतं ‘ही वॉज लाइंग देअर’ लिहिलं तर वाचणारा अडकू शकतो, तेव्हा खोटंच म्हणायचं असेल तर ‘ही वॉज नॉट टेलिंग द ट्रूथ’ लिहून मोकळे व्हा.