बॅटरी पॅकचे लेबल वाचताना

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा ऑनलाइन इलेक्ट्रिक सायकलसाठी बॅटरी पॅक पाहू लागलात, की विक्रेता सर्वप्रथम अँपिअर-अवरचा आकडा पुढे करतो. तेवढ्यावरून फारसे काही कळत नाही. या आकड्याला व्होल्टेजने गुणले, की वॉट-अवर मिळतात आणि साठवलेल्या ऊर्जेचे खरे माप तेच आहे. २० अँपिअर-अवरचा पॅक ४८ व्होल्टचा असेल तर ९६० वॉट-अवर भरतात, ३६ व्होल्टचा असेल तर केवळ ७२०.

त्यानंतर सेलची चौकशी करावी. १८ मिलिमीटर व्यासाच्या आणि ६५ मिलिमीटर लांबीच्या १८६५० सेलमध्ये, तो उत्तम प्रतीचा असला तरी, साधारण ३५०० मिलिअँपिअर-अवर मावतात. त्यावर ९९०० छापलेले दिसले तर तो सेल हातातही घेऊ नये. ४८ व्होल्ट, २० अँपिअर-अवरच्या पॅकमध्ये असे उत्तम सेल घातले तरी १३ च्या सहा रांगा, म्हणजे ७८ सेल लागतात आणि प्रत्येकी सुमारे ४८ ग्रॅम धरल्यास नुसत्या सेलचेच वजन पावणेचार किलो होते. त्यामुळे संपूर्ण पॅक तीन किलोचा भरत असेल, तर लेबल खोटे आहे हे सांगायला मीटरचीही गरज नाही. माझ्या मते वजनकाट्याइतकी स्वस्त आणि निरुत्तर करणारी तपासणी दुसरी नाही.

‘लिथियम फॉस्फेट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पॅकचा चार्जरही पाहावा. अशा १६ सेलच्या पॅकला ५८.४ व्होल्टचा चार्जर लागतो, त्यावर ५४.६ लिहिले असेल, तर आत १३ एनएमसी, म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्ट या वेगळ्या रसायनाचे सेल असण्याचीच शक्यता अधिक.

बीएमएसच्या, म्हणजे पॅकमधल्या सेलवर लक्ष ठेवणाऱ्या संरक्षक सर्किटच्या बाबतीत क्षणिक नव्हे, तर सतत मिळणारा करंट विचारावा आणि तो मोटर चालवणाऱ्या कंट्रोलरच्या मर्यादेपेक्षा जास्त असल्याची खात्री करावी. ‘२००० सायकल’, म्हणजे तितक्या वेळा चार्ज-डिस्चार्ज, या दाव्यावर, त्यानंतर क्षमता किती टक्के उरेल, एवढेच विचारावे.

एआरएआय ही वाहनांची चाचणी करून प्रमाणपत्र देणारी संस्था पुण्यातल्या वेताळ टेकडीवरच असल्याने ‘एआरएआय अप्रूव्ड’ हे शब्द पुणेकराला सहज पटतात; तरीही प्रमाणपत्रावरचा मॉडेल क्रमांक समोरच्या पॅकशी जुळवून पाहावा.

पॉवर बँकेचे मात्र थोडे वेगळे आहे. २०,००० मिलिअँपिअर-अवर हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, त्यामुळे ५ व्होल्टवर हिशेबाने १४,८०० आणि रूपांतरातील घट धरून त्याहूनही कमी मिळतात. याला फसवणूक म्हणता येणार नाही.

पैसे देण्यापूर्वी वॉट-अवर, सेलचे मॉडेल आणि बीएमएसचा सततचा करंट या तिन्ही गोष्टी पक्क्या बिलावर लिहून घ्याव्यात.